अडॉल्फ, न्यूकॅसल १९०४ : मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार, कारेलीबाग, बडोदा

ठरलं एकदाचं, अडॉल्फच करायचं. चार डोलकाठ्यांचं फ्रेंच बार्क, म्हणजे शिडाचं जहाज, पोलादी, १९०२ साली डंकर्कला बांधलेलं, आणि ३० सप्टेंबर १९०४ ला, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराच्या तोंडाशी ऑयस्टर बँक नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन बसलं ते कायमचंच. अँटवर्पहून ८५ दिवस चालून आलं होतं, पोटात माल नाही, नुसतं बॅलास्ट, म्हणजे रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेलं वजन, न्यूकॅसलला कोळसा भरायचा होता. पुढे दोन टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटी, लावलेले, हीरो आणि व्हिक्टोरिया, बंदर समोर दिसतंय, आणि तिथं दोरखंड तुटला. अर्धं जग ओलांडून यायचं आणि दारात अडकायचं, हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

आत्तापर्यंत केलेली सगळी मॉडेल्स शिडं फुगलेली, लाकडी स्टँडवर ताठ उभी अशी होती. यावेळी जहाजाबरोबर समुद्र पण करायचाय आणि समुद्राखाली काय आहे ते पण, कारण अडॉल्फ नुसत्या वाळूवर नाही चढलं. लाटांनी आधी ते कॉलोनिस्ट नावाच्या जुन्या जहाजाच्या सांगाड्यावर आपटलं आणि मग उचलून उचलून पुढच्या बुडालेल्या जहाजांच्या ढिगावर नेऊन ठेवलं. वेंडूरी, लिंडस, कवारा अशी कितीतरी त्याच ठिकाणी गेलेली. कवारा तर १८६६ मध्ये गेलं, ६० माणसं गेली आणि वाचला फक्त एक. अडॉल्फवरचे ३२ च्या ३२ लाइफबोटनं दोन तासांच्या आत काढले. जागा तीच, समुद्र तोच.

स्केल १:२००. यात माणूस साडेआठ मिलिमीटरचा येतो, म्हणजे माणसं दिसतील आणि हालचाल पण दाखवता येईल. याहून लहान केलं तर नुसते ठिपके.

मुदत ३० सप्टेंबर. त्या दिवशी बरोबर १२० वर्षं होतात.

२३ जून

रंगाचा निर्णय आज घेतला आणि तो बदलायचा नाही. अख्खं मॉडेल राखाडी. काळा, पांढरा आणि मधल्या छटा, बस. ही घटना आपल्यापर्यंत आली ती काळ्यापांढऱ्या फोटोंमधून, तर मॉडेल पण त्याच उजेडात दिसायला हवं असं मला वाटतं.

पण राखाडी म्हणजे कसंही राखाडी नाही चालणार. १९०४ च्या काचेच्या फोटोप्लेटना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा भसाभस यायचा. म्हणून त्या काळच्या फोटोत आकाश पांढरंफेक येतं, ढग असले तरी दिसत नाहीत, आणि लाल वस्तू काळी पडते. म्हणजे जहाजाच्या बुडाचा लाल शेंदरी रंग जवळपास काळा करायचा, गंज पण गडद, समुद्राचा निळा हिरवा मात्र फिकट. सगळ्यात मजा झेंड्याची. फ्रेंच झेंडा निळा पांढरा लाल, तो या हिशोबानं फिकट राखाडी, पांढरा आणि काळा होतो, लांबून बघितलं तर निळा न् पांढरा एकच वाटतात. तसाच करणार.

भाचा म्हणाला मामा रंग का नाही देत, एवढं मस्त होईल. त्याला फोनवर फोटो काळापांढरा करून दाखवला, मग त्यातला लाल गडद करून दाखवला, तर म्हणाला अरे हा तर जुनाच फोटो झाला. तेच हवंय.

७ जुलै

दिवसभर रथयात्रेची धावपळ, संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे बसलो. मरीन इंजिनीअर म्हणून रिटायर झालेत, सगळं आयुष्य बोटीवर गेलं, त्यांना विचारलं की काका दोन दोन टग असताना दोर तुटतो कसा?

काकांनी टेबलावर एक नाडी आणि दोन वाट्या घेतल्या. म्हणाले, हे बघ बाबा, ओढताना दोर ताणलेला नसतोच, त्याला मध्ये झोळ लागतो, तो झोळ म्हणजेच स्प्रिंग. लाट आली की जहाज एका वेळी वर जातं, टग दुसऱ्या वेळी, मधला फरक तो झोळ गिळतो. खुल्या समुद्रात लांब दोर सोडता येतो. पण बंदराच्या तोंडात शिरताना वळायचं असतं, जागा नसते, दोर आखूड करावा लागतो, मग झोळ गेला आणि प्रत्येक लाटेचा झटका सरळ दोराला. एक लाट जहाजाला मागून उचलून पुढे ढकलते, दोर ढिला पडतो, मग जहाज मागे खेचलं जातं आणि तो खाडकन ताणला जातो. ढिला पडून ताणला की तुटतो, सतत ताणलेला सहसा नाही तुटत.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती बॅलास्टची. माल भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं, रिकामं उंच तरंगतं. एवढी मोठी पोलादी भिंत वाऱ्यात उभी, वर चार काठ्या आणि त्यावरच्या परबाणांचं, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या दांड्यांचं जंगल, शिडं गुंडाळलेली असली तरी वारा धरतंच. टग पुढून ओढतायत आणि वारा न् लाट बाजूनं लोटतायत. न्यूकॅसलला दक्षिणेला नॉबीज नावाची टेकडी आणि उत्तरेला ऑयस्टर बँक, तोंड मधे. दक्षिणेकडून उसळी येत असेल तर जहाज सरकणार ते उत्तरेच्या वाळूकडेच.

मी विचारलं, एवढ्या लांबून रिकामं जहाज आणायचं परवडायचं कसं? तर १८९३ च्या कायद्यानं फ्रेंच सरकार आपल्या शिडाच्या जहाजांना कापलेल्या अंतरावर बक्षिसी द्यायचं. माल नसला तरी मैल मोजले जायचे. म्हणून त्या काळात फ्रेंच जहाजं पोटात बॅलास्ट घेऊन पृथ्वीच्या त्या टोकाला जायची. काकांनी हे कुठल्याशा मासिकात वाचलेलं, मी घरी येऊन ताडून बघितलं, बरोबर आहे.

मॉडेलसाठी यातून दोन गोष्टी नक्की झाल्या. जहाज उंच बसलेलं दाखवायचं, म्हणजे बुडाचा गडद पट्टा भरपूर दिसणार. आणि पुढच्या टोकाला तुटलेला दोरखंड लोंबकळता हवा, तुटलेलं टोक फिसकारलेलं.

१४ जुलै

हलचं, म्हणजे जहाजाच्या मुख्य धडाचं काम. शिवणीचं लाकूड, एका सुतारांकडून उरलेला तुकडा मिळाला, कापायला मऊ आणि रेषा सरळ. मधल्या भागात बाजू जवळजवळ उभ्या सपाट, तळ सपाट, टोकं तेवढी निमुळती. कोळसा न् धान्य भरायची जहाजं ही, जास्तीत जास्त माल मावेल अशी बांधलेली. वरून पातळ प्लास्टिक शीटच्या पट्ट्या चिकटवून पोलादी पत्र्यांच्या ओळी काढल्या. ड्राफ्ट्समनची नोकरी इथं कामी येते, पत्रे एकमेकांवर कसे चढतात हे कागदावर आधी काढून घेतलं की हात चुकत नाही.

ढिगावर टेकलेलं जहाज मधल्या भागावर तोललं जातं आणि पुढची मागची टोकं अधांतरी राहतात, प्रत्येक लाटेला ती टोकं वर खाली होतात आणि वरच्या डेकला ताण बसतो, तिथं पत्रे फाटायला लागतात. याच्या उलट, दोन्ही टोकं टेकली आणि मधलं पोट अधांतरी राहिलं, तर तळ फाटतो. मी पहिला प्रकार घेतलाय. डेकची रेषा मधे किंचित वर, टोकं किंचित खाली, इतकी कमी की बघणाऱ्याला सांगता येणार नाही पण काहीतरी बिघडलंय हे जाणवेल. एका कुशीवर कलवलं पण आहे. हल मधे करवतीनं अर्धवट चिरून, पाचर घालून वाकवला आणि भरला.

२८ जुलै

काठ्या आणि परबाणं. पितळी नळ्या एकात एक बसवल्या, खाली जाड वर बारीक. चार काठ्यांच्या बार्कला पहिल्या तीन काठ्यांवर आडवी परबाणं असतात आणि शेवटच्या काठीवर उभं शीड, तिथं आडवं काही नाही. हा फरक लांबून लगेच कळतो आणि बरेच लोक मॉडेलमध्ये चौथ्या काठीवर पण परबाणं चढवतात, मग ते बार्क राहातच नाही.

दोऱ्यांसाठी सुती धागा घेतला असता तर या हवेत वाट लागली असती, दमट दिवशी ताठ होतो आणि ऊन पडलं की ढिला. मकरपुऱ्यात मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, तिथून इनॅमलची तांब्याची तार आणली, ४० गेज. जाडी ०.१२ मिलिमीटर, म्हणजे या स्केलमध्ये अडीच सेंटीमीटरच्या दोराच्या आसपास. वाकवली तशी राहते, हवेनं हलत नाही, आणि तुटलेले लोंबणारे दोर करायला याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. दुकानवाल्या भाईंनी विचारलं कोणती मोटर बांधताय, जहाज म्हटल्यावर दोन रिळं अशीच दिली, पैसे घेतलेच नाहीत.

काठ्या चारही उभ्याच ठेवणार. वादळात सापडलेलं जहाज म्हटलं की लोकांना मोडलेल्या काठ्या हव्या असतात, भाच्याला पण हव्यात, पण मी दाखवतोय ते पहिले दोन तास. तेव्हा जहाज मोडलेलं नव्हतं, नुसतं हरलं होतं, वरून बघणाऱ्याला वाटलं असतं की भरती आली की निघेल. मोडतोड करायचीय ती वेगळीकडे. एक परबाण तिरकं झालंय, गुंडाळलेल्या शिडाचा एक पदर सुटून फडफडतोय, बाजूचा कठडा एका ठिकाणी आत दबलाय, डेकवर लाटेनं नेलेल्या सामानाच्या रिकाम्या जागा. बस.

४ ऑगस्ट, दिव्याची अवस

सकाळी आत्यानं दिवे पुजले, मग भाच्याला घेऊन कावी कंबोईला गेलो. स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ, भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं. अवसेचं उधाण म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला, गर्दी होतीच. लोक दर्शनाला, मी पाणी बघायला.

खंभातच्या आखातात भरती ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, पाणी चढतं ते डोळ्यादेखत. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे न्यूकॅसल नाही. इथं पाणी चढतं, तिथं पाणी आदळतं. न्यूकॅसलला भरती ओहोटीचा फरक जास्तीत जास्त दोन मीटरच्या आसपास, तिथला खरा मारेकरी म्हणजे खुल्या पॅसिफिकमधून येणारी लांब उसळी. ती खोल पाण्यात नुसती वरखाली होते, उथळ वाळूपाशी आली की खालचा भाग अडतो, वरचा पुढे धावतो, लाट उभी राहते आणि कोसळते. त्यात हंटर नदीचं पाणी बाहेर येत असेल तर समोरासमोर भेट, लाट अजून आखूड आणि अजून उभी. म्हणजे माझ्या समुद्रात लाटा सगळीकडे सारख्या नकोत. बाहेरच्या कडेला लांब गोल फुगवटे, वाळूच्या कडेशी एकदम उंच आणि फुटणाऱ्या, आणि जहाजाच्या आडोशाला, जमिनीच्या बाजूला, तुलनेनं शांत पण फेसानं भरलेलं पाणी. अख्खं मॉडेल या तीन पाण्यांवर उभं राहणार आहे.

इथून एक गोष्ट मात्र घेतली. पाणी उतरताना देवळाच्या पायाशी चिखलात खळगा पडतो, पाणी दगडाला वळसा घालून जाताना खालचं खरवडून नेतं. जहाजाच्या नाळेशी आणि पिछाडीशी वाळूत तसेच खळगे हवेत.

१८ ऑगस्ट

समुद्र. जाड फोम शीट, गरम तारेनं ढोबळ कापून मग पॉलिश पेपर. त्यावर टिशू पेपर आणि पाणी घातलेला फेविकोल, टिशूला बोटानं चुण्या पाडल्या की लाटेवरच्या बारीक लाटा आपोआप येतात. वाळल्यावर राखाडी रंग, मग ॲक्रेलिक वार्निशचे पातळ पातळ हात. एकच जाड हात दिला की आत बुडबुडे राहतात आणि पावसाळ्यात दुधाळ होतं. फेसासाठी कापसाचे तंतू सुटे करून वार्निशमध्ये भिजवून चिमट्यानं लावले. खाण्याचा सोडा नाही वापरला, दोन तीन वर्षांत पिवळा पडतो.

जुन्या जहाजांचा ढीग पाण्याखाली असल्यामुळे तो पूर्ण दिसायचा नाही. फोमच्या पुढच्या कडेला उभा काप ठेवलाय, म्हणजे बाजूनं बघितलं की पाण्याचा थर, त्याखाली मोडके पत्रे, बरगड्या, बॉयलरचा गोल, आणि सगळ्यात खाली वाळू. वरून बघणाऱ्याला फक्त एक जहाज दिसेल. बाजूनं बघणाऱ्याला कळेल की ते कशावर बसलंय.

लाइफबोटची जागा अजून पेन्सिलनं नुसती आखली आहे. बोट कुठली, माणसं किती, काय करतायत ते नंतर.

२९ ऑगस्ट

लाइट आज दुपारी आले. विश्वामित्री नदीचं पाणी आपल्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेच्या वर होतं, वर्कशॉप गच्चीवरच्या खोलीत म्हणून वाचलं. जन्माष्टमीच्या दिवशी पाऊस, मग आजवा धरणाचं पाणी, मग नदी पात्र सोडून रस्त्यावर. खाली पार्किंगमध्ये मगर दिसल्याचं वॉचमननं सांगितलं, त्या दिवसांत बडोद्यात कोणी कोणाला खोटं पाडत नव्हतं.

काल एनडीआरएफची रबरी बोट आमच्या गल्लीत आली. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना डायलिसिसला न्यायचं होतं. मी गच्चीतून बघत होतो आणि सांगतो, आजींची काळजी होतीच पण डोळे त्या माणसांच्या अंगाकडे होते. भिंतीपाशी यायच्या आधी इंजिन बंद. एकानं ग्रिल दोन्ही हातांनी धरलेलं आणि सगळं वजन मागे टाकलेलं. दुसरा वल्ह्यानं भिंतीपासून बोट लांब पण ठेवतोय आणि जाऊ पण देत नाहीये. तिसरा मधे गुडघ्यावर, हात वर, नजर फक्त आजींवर. आजींना खाली घेताना तिघं एकदम उलट्या बाजूला कलले, कोणी कोणाला काही बोललं नाही. उभं कोणीच नव्हतं.

वही आणून अंधारात रेघोट्या मारल्या, प्रत्येकाचं डोकं कुठे, कंबर कुठे, हात कुठे.

१ सप्टेंबर

घरात चिखल काढायचं काम चालू, आत्याचा धान्याचा डबा, दोन गाद्या, खालचं कपाट गेलं. रात्री दोन तास वर बसलो.

प्लॅन बदलला. आत्तापर्यंत जहाज मधे आणि लाइफबोट कोपऱ्यात अशी मांडणी होती. आता जहाज मागे सरकवलं, बेसच्या मधल्या रेषेवर लाइफबोट. जहाज मोठंच आहे, ते कुठेही ठेवलं तरी दिसणार. बोट जेमतेम पाच सेंटीमीटर, तिला जागा द्यावी लागते.

त्या लोकांनी काय केलं याचा नीट विचार केला. वल्ह्यांची बोट, इंजिन नाही. चारी बाजूंना पाण्याखाली जुन्या जहाजांचे पत्रे, कुठे काय टोक आहे ते लाट उतरल्यावरच दिसणार. वर चार काठ्या, त्यातलं काहीही कधीही खाली येऊ शकतं. आणि बोट जहाजाच्या जवळ न्यायची पण चिकटू द्यायची नाही, कारण लाट उतरली की बोट पत्र्यावर आपटणार. तेच, जे त्या दिवशी गल्लीत बघितलं, शंभर पटीनं. असं बत्तीस माणसं उतरेपर्यंत.

बोट शिवणीचीच, आत पोकळ केली, दोन्ही टोकं सारखी टोकदार. माणसं तांब्याच्या तारेवर इपॉक्सी पुट्टी. वहीतल्या रेघोट्या समोर ठेवून वाकवली. आडोशाच्या बाजूनं, जहाजाच्या सावलीतून येतायत, सुकाणूवरचा एकटाच वर बघतोय, वल्ही मारणारे सगळे आपापल्या वल्ह्याकडे.

फ्रेंच खलाशी मोजून ३२. डेकवर, कठड्यापाशी, दोरावर उतरताना आणि बोटीत मिळून बरोबर ३२ व्हायला पाहिजेत, एक कमी नाही एक जास्त नाही.

५ सप्टेंबर

मंडळाची मीटिंग. सजावटीचं सगळं सामान तळमजल्याच्या स्टोअरमध्ये होतं, मखर फुगून उलगडलं, झालर कुजली, आणि वर्गणी मागायची तर कोणाच्या तोंडानं मागणार, ज्याच्या त्याच्या घरात चिखल. काकांनी सुचवलं की याचं जहाज ठेवू हॉलमध्ये, मुलांना बघायला होईल.

एका ज्येष्ठ सभासदांना ते पटलं नाही. गणपतीसमोर बुडालेलं जहाज ठेवायचं, शुभ दिसत नाही, ते पण आत्ता. त्यांचं म्हणणं मी हलकं नाही धरलं, त्यांचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलंय. मी एवढंच सांगितलं की यात कोणी मेलेलं नाही, ३२ गेले आणि ३२ आले, आणि ज्या बोटीनं काढलं ती मधे ठेवलीय. ते काही बोलले नाहीत. मग आत्या म्हणाली, भाऊ, परवा तुमच्या सुनेला बोटीतनंच नेलं ना? ठेवू द्या त्याला.

मूर्तीच्या समोर नाही, हॉलच्या दाराशी टेबलावर, असं ठरलं. मला पण तेच बरोबर वाटलं.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

बाप्पा आले. मॉडेल टेबलावर. झेंडा काल रात्री लावला, फेस दोन ठिकाणी अजून ओला.

१२ सप्टेंबर

लोक कसं बघतात ते बघत बसतो संध्याकाळी आरतीनंतर. पहिली नजर काठ्यांकडे, दुसरी कलंडलेल्या हलकडे, आणि मग बोट सापडते आणि तिथंच थांबतात. मुलं तर माणसं मोजतात, आता सोसायटीत स्पर्धाच लागलीय, बत्तीस मोजून दाखवल्याशिवाय प्रसाद नाही असा नियम भाच्यानंच काढला. दोन खलाशी काठीच्या मागे आहेत ते कोणाला पटकन दिसत नाहीत.

एका मुलीनं विचारलं, बोटवाल्यांना बक्षीस मिळालं का? सांगितलं की फ्रान्सचा कॉन्सल खास न्यूकॅसलला गेला होता, लाइफबोटच्या लोकांचा सरकारी सन्मान करायला. म्हणाली, आपल्याकडे पण कोणीतरी यायला हवं. तिच्या आजी म्हणजे त्याच, डायलिसिसवाल्या.

ज्येष्ठ सभासद काल एकटेच आले होते, हॉल रिकामा असताना. बाजूचा काप बघितला, म्हणाले, हे खाली काय आहे. म्हटलं जुनी जहाजं, आधी गेलेली. बराच वेळ वाकून बघत होते. मग विचारलं, नंतर काय झालं या जागेचं? सांगितलं की अडॉल्फनंतर उत्तरेकडचा लाटा अडवायचा दगडी बांध वाढवला, तो याच ढिगाच्या अंगानं पुढे नेला. आज स्टॉकटनच्या त्या बांधावर लोक फिरायला जातात आणि अडॉल्फचे गंजलेले पत्रे दगडांत अडकलेले दिसतात. म्हणजे ज्यांच्यामुळं जागा घातकी झाली तीच आता बांधात बसलीयत. ते म्हणाले, मग हे लिहून ठेव ना इथं, लोकांना कसं कळणार. रात्री कार्ड लिहून लावलं.

२२ सप्टेंबर

विसर्जनानंतर मॉडेल परत गच्चीवर. गुलाल बसलाय थोडा लाटांवर, मऊ ब्रशनं बराचसा निघाला. राखाडी समुद्रावर गुलाबी कण लगेच दिसतात, फटीतले टाचणीनं काढावे लागले.

तुटलेला दोरखंड परत केला. आधीचा फार नीट तुटलेला वाटत होता. चार तारा पिळून एक दोर, मग टोकाकडचा पीळ उलगडून प्रत्येक तार वेगळ्या लांबीवर कापली, एक खूप लांब लोंबती. काका बघून म्हणाले आता तुटल्यासारखा वाटतो. टग मी मॉडेलमध्ये घेतलेलाच नाही, बेसच्या बाहेर कुठेतरी आहे असं समजायचं. पण डेकवरचे तीन खलाशी त्या दिशेनं बघतायत.

३० सप्टेंबर, सोमवार

काम पूर्ण. शेवटचा हात मॅट वार्निशचा, फक्त पाणी आणि ओला डेक सोडून, ते चमकते राहिले पाहिजेत.

कामाच्या तारखेखाली १९०४ ची तारीख बेसच्या मागच्या बाजूला कोरली. तो शुक्रवार होता.

काचेच्या पेटीचं माप देऊन आलो, पुढची बाजू आणि उजवीकडचा काप दोन्हीकडून दिसेल अशी कोपऱ्याला पट्टी नसलेली हवी, काचवाला म्हणतो नवरात्र झाल्याशिवाय हात लावणार नाही. तोवर वरून प्लास्टिक. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर बसायच्या आत पेटी यायला हवी. मंडळानं पुढच्या वर्षासाठी आत्ताच मागून ठेवलंय, आणि त्या मुलीच्या शाळेत नोव्हेंबरमध्ये प्रदर्शन आहे, तिथं न्यायचं तर बेसला खालून दोन हँडल लावावी लागतील, उद्या तेच काम.